बेसिनखालचं डबडं

९ मे २००२, गुरुवार

डबडं परत भरलं! सकाळी रिकामं करून ठेवलं होतं, अंगणवाडीतनं येऊन बघते तर काठोकाठ. बाथरूमच्या बेसिनखाली फरशी ओली, भिंतीला ओल चढलेली, वर कुबट वास. बेसिनमध्ये चूळ टाकली की अर्धं पाणी पाइपातनं जातं आणि अर्धं त्या पाइपाच्या नटातनं खाली ठिबकतं. प्लंबरला पुन्हा निरोप धाडला. म्हणे, उद्या येतो मावशी. त्याचा उद्या कुठल्या कॅलेंडरात आहे कोण जाणे!

आणि घरात फिटर बसलाय. साधासुधा नाही — आख्खी नोकरी साखर कारखान्यात वाफेच्या लाइनी जोडण्यात गेली यांची. जानेवारीत ऐन हंगामात शिफ्टवरच उजवी बाजू गेली. आता पाय ओढत का होईना चालतात, पण उजव्या हातात चमचा धरवत नाही. वाचा शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, बोलायला काही अडचण नाही. पण बोलतच नाहीत! जेवता का — मान हलवतात. चहा टाकू का — मान. खिडकीपाशी खुर्ची, तोंड भिंतीकडं. आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहतात. पूर्वी भाजीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घ्यायचे. आता खारट असो की अळणी, गुमान गिळतात. मला हेच सोसत नाही.

दुपारी शेजारच्या म्हाळसाकडं जाऊन नवनाथला फोन केला. पिंपरीची लाइन नुसती खरखरत होती, बेंबीच्या देठापासनं ओरडावं लागलं. शेवटी म्हटलं, "ने बाबा आम्हाला. माझ्यानं नाही होत आता." गुणाचं पोर माझं. म्हणाला, आई, मी कधीपासनं तेच म्हणतोय, खोली तयार आहे, एकोणीस तारखेच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, घराला कुलूप लावू.

फोन ठेवला आणि खरं सांगू? हलकं वाटलं. तिथं सून सुलक्षणा आहे, नवनाथ आहे, उठवायला-बसवायला चार हात होतील. अंगणवाडी सोडावी लागेल. सोडीन.

यांना सांगितलं नाही. नवनाथ आला की तोच सांगेल. माझी हिंमत होत नाही.

पण कुलूप लावायच्या आधी हे बेसिन कोरडं व्हायला पाहिजे. असंच टाकून गेलो तर दिवाळीला येईस्तवर भिंत फुगून बसायची.

१० मे, शुक्रवार

प्लंबर आला नाही.

११ मे, शनिवार

आज शिव्या खाल्ल्या! पोटभर!

झालं असं. प्लंबरची वाट बघून डोकं फिरलं. म्हटलं, नट तर आवळायचाय, त्यात काय एवढं. पलंगाखालची यांची हत्यारांची पेटी ओढली, त्यातला मोठा पाइप-पाना काढला — केवढा जड तो! — आणि बेसिनखाली आडवी झाले. पदर ओला, अंबाडा ओला. पाना लावला आणि लावला जोर. नट फिरायला लागला की! मी खूश. आणि पाणी दुप्पट गळायला लागलं.

पान्याचा आवाज यांच्या कानावर गेला असणार. पाय ओढत बाथरूमच्या दारात आले. मला वाटलं, लघवीला आले असतील, म्हणून उठायला लागले. तर वरून आवाज — "उलटा फिरवतीस! पान्याचं त्वांड कुठं, नट कुठं. डोळं फुटलं का तुझं?"

मी तशीच पडून राहिले. नाकावर ठिबक ठिबक. किती महिन्यांनी हा आवाज! लग्नाला एवढी वर्षं झाली, ओरडा खाऊन जीव भांड्यात पडलाय असं आजवर कधी झालं नव्हतं. रडू आलं. बरं झालं, तोंड आधीच ओलं होतं.

मग मी पाट आणून दिला. हे पाटावर बसले आणि सुरू झाले. उजवीकडं. आवळ. अजून. हातात जोर न्हाई का? कारखान्यातला हेल्पर तुझ्यापेक्षा बरा. मीही पेटले. दोन्ही हात पान्याला, पाय भिंतीला, आणि दिला हिसका.

टच्च!

नटाचे दोन तुकडे. वर तुंबलेलं सगळं पाणी माझ्या तोंडावर. मी घाबरून यांच्याकडं बघितलं. म्हटलं, संपलं, आता हा माणूस परत खुर्चीत जाणार आणि भिंतीकडं तोंड करणार. बघते तर खांदे हलतायत. हसत होते! हसता हसता ठसका लागला. म्हणाले, "वाफंच्या लाइनीचा जोर लावला आपण. प्लॅस्टिक हाय त्ये."

आपण म्हणाले. चूक त्यांनी सांगितली, जोर मी लावला, आणि फोडला 'आपण'!

१२ मे, रविवार

बेसिन बंद. दोघं मोरीत चूळ भरतोय. हार्डवेअरचं दुकान उद्या उघडेल. हे सकाळपासनं तुटका नट हातात घेऊन फिरवून फिरवून बघतायत, आणि मधूनच कंपनीला नावं ठेवतायत. भाजीला मीठ कमी पडलं म्हणून बोलले. मुद्दाम कमी टाकलं नव्हतं — पण उद्या टाकणार!

१३ मे, सोमवार

मी एकटीच दौंडला जाणार होते. पिशवी घेतली, चपला घातल्या, बघते तर हे शर्ट घालून उभे. बटणं डाव्या हातानं लावलेली, एक घर चुकलेलं. बटणं नीट लावून दिली आणि हाताला धरून सहा आसनी रिक्षापर्यंत नेलं. दवाखाना सोडून पहिल्यांदाच बाहेर पडले. दवाखान्याला जाताना रिक्षात ओळखीचं कुणी भेटलं की हे खाली बघायचे. आज राहू गावच्या एका माणसानं विचारलं, कसं काय फिटर? तर म्हणाले, चाललंय.

दुकानदार तरुण होता, घाईचा. यांनी कपलिंग मागितलं — बेसिनच्या भोकात बसतं ते. त्यानं समोर टाकलं. यांनी ते अंगठ्यानं दाबून बघितलं, कानाशी नेऊन नखानं वाजवलं, आणि परत ठेवलं. दुसरं दाखव. तेही परत. रबरी वायसर दातात धरून बघितला. शब्द जरा सावकाश येतात यांना, तेवढा दम त्या दुकानदाराला कुठला! त्यानं यांच्या डोक्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, मावशी, तुम्हीच सांगा काय पाहिजे ते.

माझं टाळकं सणकलं. म्हटलं, "फिटर ते आहेत. मी हेल्पर आहे. त्यांनाच विचार."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती, सगळ्यांनी माना वळवल्या. हे माझ्याकडं असे बघत राहिले की मलाच लाजल्यासारखं झालं. मग तिसरं कपलिंग पसंत पडलं, नवा पाइप घेतला, आणि येताना स्टँडवर उसाचा रस प्यालो. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय. जाऊ दे एक दिवस.

१४ मे, मंगळवार

बसलं! एक थेंब नाही!

आधी जुनं सगळं काढलं. बेसिनच्या भोकाभोवती वर्षानुवर्षांचा राखुंडीचा थर. माझी आई आली की राखुंडीनंच दात घासायची, ती सगळी तिथं बसलेली. ते खरवडून घेतलं. हे म्हणाले, कोरडं कर. पुसलं. अजून कर. परत पुसलं. शेवटी यांनी स्वतः खाली वाकून डावं बोट फिरवलं, तेव्हा समाधान झालं.

मग वरून कपलिंग, खालून वायसर, मग नट. पाना लांब ठेवायला लावला. "हातानं फिरीव. थांबला का?" थांबला. "आता वरनं एक चिमूट." एक चिमूट म्हणजे किती हो? मीठ आहे का ते? तर म्हणतात, कालच्या भाजीत टाकलंस त्यापेक्षा जास्त!

ही जीभ परत आली एकदाची.

बेसिनला बूच लावून गळ्यापर्यंत भरलं, आणि बूच ओढलं. पाणी गडगडत गेलं. खाली कोरडा पेपर अंथरला होता, तो दिवसभर कोरडा. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघून येत होते. संध्याकाळी म्हाळसाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, काकू, बेसिन काय दाखवायची वस्तू आहे का? तिला काय कळणार!

१५ मे, बुधवार

हे थांबायला तयार नाहीत. सकाळी चहा झाला की हाक — हेल्पर! आज स्वयंपाकघरातल्या तोटीचा वायसर बदलला. मग बाथरूमच्या दाराची बिजागरी, मागच्या दाराची कडी, खिडक्यांचे खिळे. कुरकुरणारं एकेक दार तेल पिऊन गप्प झालं. पत्र्याच्या पेटीतनं ग्रीसचा डबा काढला. कारखान्यातला जुना, झाकण घट्ट बसलेलं. मी कपड्यावरचे ग्रीसचे डाग किती वर्षं घासलेत! तेव्हा नाकं मुरडायची. आज तो वास आला आणि बरं वाटलं.

खुर्ची रिकामी होती दिवसभर. मी मुद्दाम तिच्यावर वाळलेले कपडे टाकून ठेवले.

१६ मे, गुरुवार

आता लिहूनच टाकते. मला जायचं नाही.

कशाला जायचं? माणूस माझा उठून बसलाय. ओरडतो, हसतो, वाद घालतो. सकाळी अंगणवाडीत रंगुबाईच्या नातीनं माझा पदर धरून विचारलं, बाई, तुमी पुन्याला जानार? कुणी सांगितलं हिला! माझ्या तोंडून पटकन नाही असंच निघालं. निघालं ते खरंच निघालं. पिंपरीत तिसऱ्या मजल्यावर हे काय दुरुस्त करणार? तिथं परत खुर्ची आणि परत भिंत. आणि मी सुलक्षणाच्या स्वयंपाकघरात डबे कुठले कुठं आहेत ते विचारत हिंडणार.

नवनाथला कळवलं पाहिजे. टेम्पो सांगून ठेवला असेल त्यानं.

यांनी आज मागच्या दाराच्या कुलपाची दुसरी किल्ली शोधायला लावली. कुठं आहे, कुणाकडं आहे, सगळ्या किल्ल्या एका कडीत पाहिजेत. डोकं खाल्लं नुसतं. खाऊ देत.

१७ मे, शुक्रवार

फोन बंद! कालच्या वावटळीत खांब आडवा झाला, आख्ख्या आळीचे फोन गेले. स्टेशनजवळच्या बूथवरही तीच गत.

म्हाळसाला म्हटलं, नवनाथला सांगायचं होतं गं की येऊ नको. ती हसायला लागली. म्हणाली, "काकू, तुम्हाला फोन कशाला पाहिजे? त्या दिवशी एवढ्या मोठ्यानं बोलत होतात की माझी पोरं उठली. असंच अंगणातनं हाक मारा, पिंपरीला जाईल ऐकू." आगाऊ आहे. पण हसले मीही.

ठरवलं. रविवारी येऊ दे त्याला. चिकन करीन, भाकरी खाऊ घालीन, आणि रिकामा टेम्पो परत पाठवीन. चिडेल थोडा. बापाला बघितलं की राग जाईल. यांना तर काही सांगायचीच गरज नाही. यांना कुठं काय माहीत आहे! किती सोपं झालं सगळं.

आज फार दिवसांनी गुणगुणत भाकरी थापल्या.

१८ मे, शनिवार

आज लिहायला नको वाटतंय. लिहितेय तरी.

दुपारी हे काठी घेऊन एकटेच बाहेर पडले. स्टेशनाकडं जातो, कुणाकुणाला भेटून येतो म्हणाले. एकटे! मी दारात उभी राहून कौतुकानं बघत होते. मग भांडी घासायला परसात गेले. नळाच्या मेन कॉकला हात घातला, तर हाताला ग्रीस. बघितलं — आख्खा कॉक ग्रीसनं माखलेला, आणि वरून गोणपाटाची पट्टी गुंडाळून सुतळीनं बांधलेला. गाठ डाव्या हातानं आणि दातानं मारलेली, तिरकी. बाजूला मागच्या दाराचं कुलूप, तेही तसंच. आत येऊन बाथरूममध्ये वाकले. बेसिनखालच्या नटालाही ग्रीस. पाइपाभोवती गोणपाट. आतल्या पत्र्याच्या पेटीवर सगळ्या किल्ल्या एका कडीत.



हे मी कारखान्यात बघितलंय. नवनाथ लहान होता, त्याला कडेवर घेऊन डबा द्यायला गेले होते, मे महिन्यात. ऊस संपलेला, बॉयलर थंड. आणि जिकडं बघावं तिकडं पाइप, चाकं, नट, सगळे ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवलेले. मी विचारलं, हे कशाला? तर हे म्हणाले, हंगाम सपला. आपल्या हातची लाइन कोरडी करायची, गंजू नये म्हून ग्रीस लावायचं, बांधायचं, किल्ली द्यायची आन् मग घरी जायचं. मागं कुणाला नाव ठेवायला जागा ऱ्हाता कामा नये. दरवर्षी करायचे. दरवर्षी त्या ग्रीसचे कपडे मी धुतले. आणि आठवडाभर डोळ्यांसमोर तेच चाललं होतं तर मला कळलं नाही!

यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासनं माहीत आहे. म्हाळसाची आणि आमची भिंत एकच, आणि यांची खुर्ची त्या भिंतीलाच लागून. माझ्यानं नाही होत आता, हे मी ओरडून सांगितलं ते पिंपरीला कसंबसं पोचलं आणि इथं धडधडीत ऐकू आलं. ऐकलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. उठले आणि घर आवरायला घेतलं. मी समजत होते हा माणूस परत आलाय. आणि हा निघायची तयारी करत होता — माझ्यासाठी, मला जायचंय म्हणून. स्टेशनाकडं गेले तेही निरोप घ्यायला.

संध्याकाळी आले ते दमून, घामानं भिजून. ताकसुद्धा घेतलं नाही, आडवे झाले आणि झोप लागली. चेहरा शांत. काम पुरं झाल्यासारखा. मी दोनदा उशापाशी गेले, दोनदा परत आले. झोपू दे. पण उद्या टेम्पो दारात उभा राहायच्या आत बोलले नाही तर माझ्यासारखी करंटी मीच.

१९ मे, रविवार

टेम्पो लवकर आला. मी चुलीपाशी, तोवर हे स्वच्छ शर्ट घालून ओट्यावर बसलेले, किल्ल्यांची कडी मांडीवर. नवनाथ खाली उतरतोय तोच मी बाहेर येऊन म्हटलं, "मला नाही जायचं. मीच बोलावलं, मीच नको म्हणते. त्या दिवशी दमले होते हो. तुमच्या गप्प बसण्यानं दमले होते, तुम्हाला उचलून नाही." सगळ्यांसमोर रडले. नवनाथ आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. हे किल्ल्या एका हातानं चाचपत होते. मग नवनाथला म्हणाले, "आत जा, राकेल आन. आन् फडकं. समदं ग्रीस पुसून काढायचं हाय, उद्यापास्नं हंगाम चालू करायचा."